बेचक्यातली कडी पुन्हा पुन्हा उघडते: साखळी-खवल्यांच्या हातमोज्यांचं समस्या निवारण

लक्षण आधी सांगतो. धातूच्या कड्या विणून केलेला हातमोजा टेबलावर पसरलेला असताना देखणा दिसतो. हातात चढवून बोटं सरळ ठेवली तरी काही तक्रार नसते. मूठ वळली, एखादा दांडा पकडला, चार-दोन वेळा हात उघडला-मिटला, की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बारीक ‘टिक’ असा आवाज येतो आणि एक कडी जमिनीवर पडते. ती शोधायची, पकडीनं वळवून परत जागेवर बसवायची. दुसऱ्या दिवशी तीच जागा, बऱ्याचदा तीच कडी.

माझ्या पहिल्या जोडीत उजव्या हाताची अशी एक कडी मी सात वेळा बंद केली. आठव्या वेळी ती पकडीतच मोडली. मग मी हुशारी केली आणि तिच्या जागी जाड तारेची कडी घातली. ती टिकली, पण शेजारची गेली. शेजारीही जाड कडी बसवली, तर बिघाड दोन ओळी पुढे सरकला, तर्जनीच्या मुळाशी. महिनाभर मी पक्कड घेऊन त्याच्या मागे आणि तो हातमोजाभर पुढे, असं चाललं होतं. तेव्हा कुठे लक्षात आलं की उघडणारी कडी नुसती चहाडी करते. चोर दुसरीकडे बसलेला असतो.

मी ज्या प्रकारच्या हातमोज्याबद्दल बोलतोय तो असा: बोटं आणि अंगठा साध्या युरोपियन फोर-इन-वन विणीचे (प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत ओवलेली), मळहातावर, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, आणि मनगटाच्या वर खवले (भोक असलेले छोटे टोकदार पत्रे), आतून पातळ चामड्याचा मोजा, तळहाताला नुसतं चामडं. तुमचा सगळाच्या सगळा साखळीचा असेल तरी निदान हेच राहतं, फक्त उसवायचं काम वाढतं. कड्या न वेल्ड केलेल्या, न रिव्हेट मारलेल्या, म्हणजे टोकाला टोक भिडवून बंद केलेल्या, हेही गृहीत आहे. घरी करणारे बहुतेक जण तशाच वापरतात.

पडलेली कडी फेकू नका

ती तळहातावर घ्या आणि भिंगाखाली किंवा फोनच्या कॅमेऱ्यानं मोठी करून पाहा. अर्धं निदान तिथेच होतं.

टोकं आजूबाजूला सरकलेली असतील, कडी स्क्रूच्या आट्यासारखी दिसत असेल, पण तिचा गोलपणा शाबूत असेल, तर ती मुळात नीट बंदच झाली नव्हती. शेजारच्या कडीची तार त्या फटीत शिरत-निघत राहिली आणि एक दिवस पूर्ण निसटली. हा हाताच्या सफाईचा दोष, उपाय सोपा, खाली सांगितलाय.

कडी लांबट, अंड्यासारखी झाली असेल आणि टोकं एकाच पातळीत एकमेकांपासून लांब गेली असतील, तर ती ओढून उघडली गेली आहे. इथे पकडीनं पुन्हा बंद करण्यात काही अर्थ नाही. जो ताण एकदा आला तो पुढच्या मुठीला पुन्हा येणार.

कडी मोडलीच असेल आणि मोडलेली जागा खरबरीत, करडी दिसत असेल, तर धातू थकला आहे. तार वाकवली की ती त्या जागी कडक होते, पुन्हा पुन्हा वाकवली की चिरते. ॲल्युमिनियम ह्या बाबतीत लवकर रुसतं. माझी आठव्या वेळची कडी ती हीच. म्हणून उघडलेली कडी परत वापरायची नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. नवी घ्यायची. हाताशी डबाभर कड्या असताना एकीसाठी जीव टाकू नये.

बेचक्यातून पडलेल्या कड्या माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा अंड्यासारख्या असतात. म्हणून मोठा भाग त्याच प्रकारासाठी ठेवलाय.

ताण कुठून येतो

एक दोरा घ्या. मनगटाच्या बाहेरच्या हाडापाशी एक टोक धरा आणि मळहातावरून, मधल्या बोटावरून नखाच्या टोकापर्यंत न्या. हात सपाट ठेवून खूण करा. आता दोरा अंगाला चिकटूनच ठेवत घट्ट मूठ वळा आणि पुन्हा खूण करा. माझ्या हातावर पहिली खूण १८.५ सेंमीवर आली आणि दुसरी २२ सेंमीवर. तीनेक सेंमीचा फरक कोणाच्याही हातावर निघतो, कारण बोटाचा प्रत्येक सांधा वळताना वरची कातडी बाहेरच्या कडेनं लांबचा रस्ता घेते. कातडीला सुरकुत्या आहेत म्हणून तिला जमतं. बोटाच्या सांध्यावर सपाट हाताला ज्या वळ्या दिसतात, तो निसर्गानं शिल्लक ठेवलेला कपडा. आपण हातमोजा विणताना हात कागदावर सपाट ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवतो आणि नेमका तेवढाच कपडा विणतो.

साधं चामडं अशा वेळी थोडं ताणतं आणि वेळ मारून नेतं. साखळीचं वागणं निराळं असतं, आणि खरी मेख इथे आहे. हातभर साखळीचा तुकडा घेऊन तो दोन्ही हातांनी आडवा ओढा. तो रुंद होतो, पण त्याच वेळी उभा आखडतो. आता उभा ओढा. लांब होतो, अरुंद होतो. ही वीण जाळीसारखी आहे: कड्या स्वतः ताणत नाहीत, फक्त एकमेकींवर कलंडतात, त्यामुळे एका दिशेला मिळालेली जागा दुसऱ्या दिशेकडून घेतलेली असते. मूठ वळली की हात काय करतो? मळहात लांब होतो आणि त्याच वेळी मुठीच्या उंचवट्यांपाशी हाताचा घेरही वाढतो. म्हणजे हात दोन्हीकडून कपडा मागतो आणि साखळी एका वेळी एकाच बाजूला देऊ शकते. उरलेली तूट कुठेतरी निघायलाच हवी. ती निघते जिथे कड्या सगळ्यात कमी आहेत आणि दिशा सगळ्यात वाकडी आहे तिथे, म्हणजे बेचक्यात. तिथे अंगठ्याची नळी आणि मळहाताची पट्टी एकमेकींना काटकोनाजवळच्या कोनात भेटतात आणि सगळा भार दोन-तीन कड्यांवर येतो.

आता तुमच्या हातमोज्यात तूट नेमकी कुठे आहे ते शोधा. हातमोजा घाला, मनगटाचा पट्टा रोजच्यासारखा बांधा आणि खिडकीच्या उजेडात मूठ हळूहळू वळा. ढिल्या कड्या तिरक्या, एकमेकींवर निवांत पडलेल्या असतात. ताणलेल्या कड्या ओळीनं ताठ होतात आणि त्यांच्यामधली फट उघडी पडते, खालचं चामडं दिसायला लागतं. अशा ताठ कड्यांची एक रेघच मुठीवर उमटते. दुसऱ्या कोणाला तरी तिच्यात रंगीत दोरा ओवायला सांगा, किंवा मोकळ्या हातानं फोटो काढा. माझ्या हातमोज्यात ही रेघ बेचक्यातून निघून मळहातावरून तिरकी जात करंगळीच्या बाजूनं मनगटाच्या बकलापाशी संपत होती. कडी पडत होती बेचक्यात आणि दुखणं होतं मळहाताच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, कारण मी बकल हौसेनं दोन भोकं आत ओढून बांधत होतो. हातमोजा मनगटाला खिळलेला, मळहात आखूड, मग अंगठा ओढला जाणारच.

घरात करून बघण्यासारखी तपासणी म्हणून एवढं करा: मनगटाचा पट्टा पूर्ण सोडा आणि मूठ वळा. हातमोजा सरकून बोटांकडे गेला आणि बेचक्यातला ताण गेला, तर तूट लांबीत आहे. पट्टा सोडूनही बेचकं ताणलेलंच राहिलं, तर तूट अंगठ्याच्या जोडणीतच आहे.

लांबीची तूट भरणं

ओळी वाढवायच्या आहेत हे कळलं की पहिला मोह उंचवट्यांपाशी वाढवण्याचा होतो, कारण ताण तिथे दिसतो. तिथे वाढवलेल्या ओळी हात सपाट ठेवला की घडी पडून वर येतात आणि प्रत्येक गोष्टीत अडकतात. वाढ मनगटाच्या वर द्या. मळहातावरचे खवले जिथे संपतात आणि कोपराकडच्या भागाचे खवले जिथे सुरू होतात, त्या दोन्हींच्या मध्ये खवल्यांशिवाय नुसत्या साखळीची पट्टी असायला हवी, निदान चार ओळींची. मनगट सगळ्यात जास्त वळतं तेही इथेच, आणि खवले असलेली वीण इथे कधीच मोकळी वागत नाही. ही पट्टी नसेल तर एक ओळ उसवून ती घाला. असेल तर तिच्यात दोन-तीन ओळी वाढवा. ३.५ सेंमीची सगळी तूट एका जागी भरायची नसते. निम्मी इथे, उरलेली बोटांच्या नळ्या बोटाच्या टोकापलीकडे थोड्या लांब ठेवून भरून निघते. नळी टोकाशी चामड्याला शिवू नका. सपाट हाताला ती नखापुढे अर्धा सेंमी गेलेली दिसते, मुठीत बरोबर नखावर येते. दिसायला थोडं गबाळं वाटेल, पण घालून फिरायचं आहे की भिंतीवर टांगायचं आहे हे ठरवून घ्या.

विणीची दिशाही एकदा बघून ठेवा. तुकडा टांगल्यावर ज्या बाजूनं तो आपोआप मिटून अरुंद होतो, ती बाजू हाताच्या घेराकडे यायला हवी. तसं असेल तर हात आत जाताना साखळी उंचवट्यांवरून रुंद होते आणि आत गेल्यावर मनगटाला बिलगते. दिशा उलटी असेल तर हातमोजा चढवतानाच भांडतो आणि मनगटाशी पोतडीसारखा लोंबतो. ह्याला दुरुस्ती नाही. उसवून ९० अंशात फिरवून परत विणणं, एवढंच. मी एकदा केलंय, पुन्हा करायची वेळ येऊ नये.

बेचक्याची जोडणी

सदऱ्याच्या काखेत शिंपी एक चौकोनी तुकडा घालतो, हात वर करताना बाही फाटू नये म्हणून. बेचक्याला तोच न्याय. अंगठ्याची नळी मळहाताच्या पट्टीला थेट गोलाकार जोडली की बेचक्याच्या तळाशी एक टोकदार कोन तयार होतो, आणि त्या कोनातली कडी सगळ्यांचा भार वाहते. त्याऐवजी कोनाच्या जागी साखळीचा चौकोनी, एका बाजूला तीन किंवा चार कड्यांचा तुकडा कर्णावर उभा करून बसवा: एक टोक मळहाताकडे, एक तळहाताकडे, एक तर्जनीच्या मुळाशी, एक अंगठ्याच्या मुळाशी. अंगठा पसरला की हा तुकडा उघडतो, मिटला की घडी होऊन आत जातो.

कड्या वाढवतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. ओळीत वाढ करायची तर नवी कडी वरच्या दोनऐवजी एकाच कडीत ओवतात. अशी एकाच कडीला टांगलेली कडी विणीतला कच्चा दुवा असतो, कारण तिचा भार वाटायला शेजार नाही. दोन वाढी एकाखाली एक आल्या तर तिथे भोक दिसतं आणि ताण आला की तेच फाटतं. वाढी तिरक्या, एकेका ओळीत थोड्या सरकवून द्या आणि बेचक्याच्या तळाच्या ओळीत एकही देऊ नका. माझ्या पहिल्या जोडीत तिथेच तीन होत्या.

तळहाताच्या बाजूला साखळी आणायचा हट्ट असेल तर तो इथे सोडा. मूठ वळताना तळहाताकडचा कपडा आखडायला हवा, आणि कड्यांची घडी हाताच्या आत आली की पकड जाते, शिवाय कातडी सोलते. जुन्या कारागिरांनाही हे ठाऊक होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्या शतकात युरोपातल्या साखळीच्या अंगरख्यांच्या बाह्या हातावर येऊन पिशवीसारख्या मिटायच्या, बोटं वेगळी नसायची, आणि तळहाताला चामडं किंवा कापड असे. त्यात चीर ठेवलेली असायची, हात बाहेर काढता यावा म्हणून. इराण-हिंदुस्थानातल्या दस्तान्यातही, म्हणजे कोपरापुढच्या हाताच्या कवचातही, मनगटापुढचा साखळीचा तुकडा मळहातावर पडतो, आतला भाग मोकळा राहतो.

चामड्याला शिवताना

हातमोजा टेबलावर सपाट ठेवून साखळी चामड्याला शिवली की आतापर्यंतचं सगळं काम वाया जातं. वाढवलेल्या ओळी शिवणीत गच्च बसतात आणि ताण साखळीऐवजी टाक्यांवर येतो. चामड्याचा मोजा हातात घाला, त्या हातानं गुंडाळलेला जाड टॉवेल अर्ध्या मुठीत धरा, वरून साखळी टाका आणि दुसऱ्या हातानं फक्त खुणा करा. शिवण नंतर काढून. दर तिसऱ्या-चौथ्या कडीला एक टाका, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तर ओळ उसवत नाही. मेण लावलेला नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा चालतो. सुती दोरा कड्यांच्या टोकांवर घासून लवकर कापला जातो. बेचक्यात टाका अजिबात नको.

कडी खरोखर कच्ची असेल तेव्हा

कपडा पुरेसा आहे, तरीही कड्या उघडतायत, तर मग कडीकडे या. इथे तीन आकडे महत्त्वाचे: तारेची जाडी, कडीचा आतला व्यास, आणि व्यासाला जाडीनं भागून येणारं प्रमाण. फोर-इन-वनसाठी हे प्रमाण ३ च्या आसपास आलं की वीण लाकडासारखी ताठ होते, ५ च्या वर गेलं की लुळी पडते आणि कडी सहज उघडते. हातमोज्याला ३.५ ते ४.५ बरं. लहान खवल्यांसोबत मी १.२ मिमी तार आणि ४.८ मिमी आतला व्यास वापरतो, म्हणजे प्रमाण ४.

कडी ओढून उघडायला लागणारी ताकद तारेच्या जाडीच्या घनाच्या हिशोबानं वाढते. त्याच व्यासाची कडी १.२ ऐवजी १.६ मिमी तारेची घेतली तर ती दुपटीहून जास्त भार झेलते. म्हणूनच जाड कडी घातल्यावर माझा बिघाड शेजारी सरकला होता. जाड कडी ताकदवान असते, ताण कमी करत नाही.

ह्याच गणिताचा एक वाईट सापळा गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकात, आहे. १८ गेज म्हटलं की ब्रिटिश मोजणीत तार १.२२ मिमी असते आणि अमेरिकन मोजणीत १.०२ मिमी. ताकदीत हा फरक जवळपास पावणेदोन पटीचा. १६ गेजमध्ये तोच घोळ १.६३ आणि १.२९ असा. अर्ध्या कड्या एका मोजणीच्या आणि अर्ध्या दुसरीच्या आल्या तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, हातमोजा मात्र ठरावीक पट्ट्यात उघडत राहतो. जाडी मोजायच्या कॅलिपरनं मोजा, लेबलावर जाऊ नका. तार स्वतः सळईवर गुंडाळत असाल तर हेही धरून चाला की गुंडाळी सोडली की ती थोडी फुलते, कडीचा व्यास सळईपेक्षा जास्त येतो, स्टीलमध्ये ॲल्युमिनियमपेक्षा अधिक.

आता बंद करण्याची रीत. दोन सपाट तोंडाच्या पकडी, तोंडाच्या आत दाते नसलेल्या. कडी कधीही टोकं एकमेकांपासून लांब ओढून उघडायची नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं पिळून उघडायची. बंद करताना त्याच वाटेनं परत, पण टोकं समोरासमोर आली की थांबायचं नाही. किंचित पुढे न्या, मागे आणा, पुन्हा पुढे, आणि ह्या हालचालीत दोन्ही पकडींनी टोकं आत दाबत राहा. टोकाला टोक घासतं तेव्हा पकडीतून हाताला एक बारीक करकर जाणवते. ती जाणवली म्हणजे टोकं भिडली. नाही जाणवली तर फट आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. तपासायला जुना नायलॉनचा पायमोजा हातमोज्यावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कडी उघडी.

कटरनं चिमटून कापलेल्या कड्यांची टोकं छपरासारखी निमुळती असतात, ती भिडली तरी टोकावरच भिडतात आणि फट राहतेच. करवतीनं कापलेली टोकं सपाट असतात. बोटांसाठी करवतीच्याच वापरा, निमुळत्या उरल्यासुरल्या खवल्यांच्या मागे लपवा.

धातूचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: खवले ॲल्युमिनियमचे, बोटांच्या आणि बेचक्याच्या कड्या स्टेनलेस स्टीलच्या. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, म्हणून सगळंच स्टीलचं केलं की तासाभरात मनगट बोलायला लागतं. सगळंच ॲल्युमिनियमचं केलं की बेचकं उघडतं, शिवाय हात करडे होतात. हे करडं म्हणजे घासून निघालेलं ॲल्युमिनियम आणि त्याचं ऑक्साइड. कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून धुतलं की कमी होतं. ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं ऑक्साइडचा रंगीत थर दिलेल्या खवल्यांना खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा लावू नका, रंगाचा थर उतरू शकतो. घामानं भिजलेला हातमोजा तसाच पिशवीत कोंबला तर दोन वेगवेगळे धातू जिथे भिडतात तिथे ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. पुसून, वाळवून ठेवा. निकेल सोसत नसेल तर स्टेनलेसही थेट कातडीवर नको, त्यातही बहुधा निकेल असतं. झिलई दिलेली, म्हणजे जस्ताचा थर असलेली तार मऊ करायला तापवू तर अजिबात नका, जस्ताच्या धुरानं ताप भरतो.

खवल्यांमुळे होणारे बिघाड

खवले उलटे होऊन पाठ दाखवतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच: कडी खवल्याच्या मानानं मोठी. वीण सैल, खवल्याला फिरायला जागा. एक माप लहान कडी घेतली की प्रश्न मिटतो. फक्त कडेचे खवले उलटत असतील तर कडेला नुसत्या कड्यांची एक ओळ जास्त विणा, ती त्यांना खाली दाबून धरते.

खवल्यांचं टोक कोणत्या दिशेला ठेवायचं ह्यावर दोन तट आहेत. टोकं बोटांकडे ठेवली तर हात खाली सोडल्यावर खवले सपाट बसतात, पण हात बाहीत किंवा खिशात घालताना प्रत्येक टोक कापडात रुततं. टोकं कोपराकडे ठेवली तर हात माशासारखा सुळकन आत जातो आणि बाहेर काढताना अडकतो. मी कोपराकडे ठेवतो. घालताना घाई असते, काढताना नसते.

मुठीच्या उंचवट्यांवर मोठा खवला बसवला की मूठ वळल्यावर त्याचं टोक हवेत उभं राहतं. सपाट पत्रा गोल जागेवर बसत नाही, त्याला इलाज नाही. उंचवट्यांच्या ओळीत लहान खवले घ्या, साधारण २२ मिमी लांब आणि १४ मिमी रुंद मिळतात ते, किंवा ती ओळ नुसत्या साखळीची सोडा. बेचक्यात आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला एकही खवला नको. तिथे दोन खवले एकमेकांवर चढतात आणि पहारीसारखं काम करतात: मूठ वळताना एक दुसऱ्याला उचकटतो आणि त्यांच्या कड्या उघडतात. बेचक्यातल्या कड्या आट्यासारख्या पिळून उघडलेल्या सापडल्या, आणि बंद करण्यात चूक नव्हती अशी खात्री असेल, तर हे पाहा.

साच्यात कापलेल्या खवल्याच्या एका बाजूला कडेला बारीक धार उरते, भोकाच्या कडेलाही. नखानं चाचपलं की समजते. ती धार चामडं कुरतडते आणि कडीवर ओरखडे पाडते. शेकडो खवले कानशीनं घासत बसू नका. प्लास्टिकच्या बरणीत खवले, वाळू आणि थोडं साबणाचं पाणी घालून बरणी लोळवत राहा, धार जाते. ॲनोडाइझ केलेल्यांवर मात्र हा प्रयोग नको, रंग निघतो. त्यांची धार बारीक पॉलिश पेपरनं, एकेक करून.

हा हातमोजा कशासाठी नाही

मांस कापणारे वापरतात ते स्टीलच्या जाळीचे हातमोजे वेगळे. त्यांची प्रत्येक कडी वेल्ड केलेली असते, आणि चाकूपासून संरक्षणासाठी त्यांना युरोपात ईएन १०८२-१ हे मानक १९९६ साली आलं. आपली टोकाला टोक भिडवलेली कडी चाकूच्या टोकानं सरळ उघडते. तो भरवसा ठेवून धारेशी खेळू नका. फिरणाऱ्या यंत्राजवळ, ड्रिलजवळ, ग्राइंडरजवळ तर कोणताच साखळीचा हातमोजा नको, वेल्ड केलेलाही नको. एक कडी अडकली की यंत्र हातासकट ओढतं. विजेच्या उघड्या जोडण्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरा हात

उजवा जमला की त्याच नोंदींवरून डावा विणायला बसतो आपण, आणि दोन उजवे तयार होतात. नुसत्या साखळीत हे निभावतं, हातमोजा उलटून घातला की झालं. खवल्यांना पुढची आणि मागची बाजू असते, ते उलटता येत नाहीत. म्हणून अंगठ्याची जोडणी, चौकोनी तुकडा आणि तिरक्या वाढी हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट विणावं लागतं. मी उजवा हातमोजा खरोखरच आरशासमोर टांगतो आणि आरशातला बघून डावा विणतो. आणि दोरा डाव्या हातावरही फिरवा. ज्या हातानं आपण जास्त काम करतो त्याचा घेर बहुधा थोडा जास्त असतो. माझ्या डाव्याला उजव्याच्या मापानं विणलं तेव्हा मनगटाशी एक ओळ जास्त झाली होती, ती काढून टाकली. उजव्याच्या बेचक्यातली जाड कडी मात्र अजून तिथेच आहे. चौकोनी तुकडा घातल्यापासून तिच्यावर काही भार येत नाही, आणि ती काढायची तर शेजारच्या चार उघडाव्या लागतील.